क्लबमध्ये डीजे बूथ आणि साऊंड बसवताय? बॉक्स घ्यायच्या आधी हे वाचून घ्या

मी पहिल्यांदा एका क्लबचा साऊंड बसवला तेव्हा सगळं चांगलंच घेतलं होतं, टॉप (मधले आणि वरचे सूर देणारे बॉक्स) चांगले, सब (फक्त बेसचे बॉक्स) चांगले, ॲम्पला (ॲम्प्लिफायरला) ताकद भरपूर, आणि ओपनिंगच्या रात्रीच एकच्या सुमारास दोन हॉर्नचे ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग, जळाले. सगळे म्हणाले ॲम्प जास्त ताकदीचा लावला म्हणून जळाले. दुसऱ्या दिवशी शांतपणे बघितलं तेव्हा कळलं की गडबड बूथमध्ये, म्हणजे डीजे उभा राहून वाजवतो त्या जागेत, होती. डीजेसाठी मॉनिटर म्हणून एक छोटा बॉक्स त्याच्या पाठीमागे खाली जमिनीवर ठेवला होता, त्याला स्वतःला काही धड ऐकूच येत नव्हतं, म्हणून तो रात्रभर मास्टर (मिक्सरचं मुख्य आवाजाचं बटण) वाढवत गेला, मिक्सरचे दिवे लालमध्येच अडकले आणि तो फाटलेला सिग्नल तासन्‌तास ड्रायव्हरमध्ये जात राहिला.

त्यानंतर बरेच सेटअप केले आणि माझं मत पक्कं होत गेलं की क्लबचा साऊंड बहुतेक वेळा बूथपासून बिघडतो. म्हणून खाली बूथबद्दल सगळ्यात जास्त लिहिलंय. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पायऱ्या याच क्रमाने घ्या, कारण उलट्या क्रमाने गेलं की आधी सामान येतं आणि मग ते बसवायला जागा शोधावी लागते.

१. आधी रिकाम्या खोलीत जा आणि टाळी वाजवा

खोलीच्या मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. मागून थरथरता "टर्रर्र" आला तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा आपटतोय असं समजा. तिथे जाड पडदे, बसायच्या गाद्या, पुस्तकांचं शेल्फ असं काहीतरी लागणार. वरच्या सुरांचा आवाज यानेच बराच सुधारतो.

बेसचं मात्र वेगळं आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ५० हर्ट्झच्या बेसची एक लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते, तिला पाच सेंटीमीटरचा फोम काही करू शकत नाही. आणि दोन भिंतींमधलं अंतर ७ मीटर असेल तर खोली २४.५ हर्ट्झला आणि त्याच्या पटीत, म्हणजे ४९ ला, ७३.५ ला स्वतःच घुमते. त्यातला ४९ चा बेस मधोमध भरपूर येतो आणि भिंतीपासून पावणेदोन मीटरवर जवळपास गायब होतो. अशा जागी उभं राहून लोक म्हणतात सब बदला. सब बदलून काहीही होणार नाही, तो खोलीचा स्वभाव आहे, तेव्हा बार कुठे, नाचायची जागा कुठे हे ठरवतानाच हा हिशोब करा.

इथला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे स्वस्त फोम. कुठलाही पॅकिंगचा किंवा गादीचा फोम भिंतीला चिकटवू नका. २००३ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या 'द स्टेशन' नाईटक्लबमध्ये आतषबाजीच्या ठिणग्यांनी स्टेजभोवतीच्या फोमने पेट घेतला आणि १०० माणसं गेली, २०१३ साली ब्राझीलच्या सांता मारियामधल्या 'किस' क्लबमध्ये जवळपास तसंच झालं आणि २४२ जण गेले. आवाज शोषणारं जे काही लावाल त्याचा आगरोधक असल्याचा कागद हातात घेतल्याशिवाय ते भिंतीला लागू देऊ नका. आणि बॉक्स किंवा बूथ बाहेर पडायच्या दाराच्या वाटेत येत नाही ना हे त्याच दिवशी बघा.

२. कागदं आणि हत्यारं गोळा करा

कागदं ही लागतील: खोलीचा मापासकट नकाशा, वीज कुठून येते आणि कुठल्या सर्किटवर काय आहे त्याचं ड्रॉइंग, प्रत्येक बॉक्स आणि ॲम्पची स्पेक शीट, छताला काही टांगणार असाल तर किती वजन झेपतं याचा स्ट्रक्चरल इंजिनियरने लिहून दिलेला कागद, आणि तुमच्या जागेला आवाजाची कुठली मर्यादा आणि वेळ लागू आहे ते लेखी. शेवटचा कागद लोक सगळ्यात उशिरा मागवतात, आणि मग ट्यूनिंग सगळं झाल्यावर कळतं की इतका आवाज लावताच येणार नाही.

हत्यारांमध्ये मेजरिंग टेप, मल्टिमीटर, केबल टेस्टर, टॉर्च, स्पिरिट लेव्हल, गॅफर टेप, लेबल लावायला काहीतरी, मोजमापाचा माइक, छोटा ऑडिओ इंटरफेस आणि लॅपटॉप. मोजायला रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, नवीन माणसाला ते पुष्कळ आहे, स्मार्ट (Smaart) नावाचं मोजमापाचं दुसरं सॉफ्टवेअर पुढे शिकता येईल. आणि स्वतःसाठी इअरप्लग.

३. वीज

हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. तुम्ही त्याला तीन गोष्टी सांगायच्या. साऊंडचं सर्किट वेगळं, त्यावर लाईटचे डिमर, फ्रीज, एसी काहीही नको. बूथ आणि ॲम्प रॅक दोन्हीला वीज एकाच ठिकाणाहून, एकाच अर्थिंगवरून यायला हवी. आणि लोड काढताना ॲम्पच्या पेटीवर मोठ्या अक्षरात छापलेले वॅट घेऊ नका, स्पेक शीटमध्ये एक अष्टमांश ताकदीला किती अँपिअर ओढतो ते दिलेलं असतं, गाण्यासाठी तो आकडा जास्त उपयोगाचा असतो, त्यावर थोडी शिल्लक धरा.

हम आला, म्हणजे बॉक्समधून सतत "हूंऽऽ" असा आवाज यायला लागला, तर कोणीतरी हमखास सांगतं की प्लगची अर्थिंगची पिन काढून टाक. आवाज जातो खरा, पण त्यानंतर मशीनमध्ये बिघाड झाला तर करंट जायला जमिनीची वाट उरत नाही आणि तो मिक्सरला हात लावणाऱ्या माणसातून जातो. हे कधीही करू नका. हमवर उपाय म्हणजे बॅलन्स्ड केबल (बाहेरून शिरलेला आवाज कापणारी केबल), एकाच ठिकाणची वीज, आणि तरीही राहिला तर सिग्नलच्या वायरमध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर.

४. बॉक्स किती आणि कुठे

नवीन माणूस वॅट विचारतो. मी म्हणेन आधी सेन्सिटिव्हिटी आणि अंतर विचारा. समजा बॉक्सवर लिहिलंय १ वॅटला १ मीटरवर ९७ डेसिबल. त्याला ५०० वॅट दिले की २७ डेसिबल वाढतात, म्हणजे १ मीटरवर १२४. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत ६ डेसिबल कमी होतात, म्हणून ८ मीटरवर उरले १०६, खोली त्यात थोडी भर घालते. आता ॲम्प दुप्पट केला, १००० वॅट दिले, तर मिळाले फक्त ३ डेसिबल. तोच बॉक्स ८ ऐवजी ४ मीटरवर आणला तर ६ मिळतात. म्हणून एका टोकाला दोन राक्षसी बॉक्स ठेवून अख्खी खोली भरायचा प्रयत्न करण्यापेक्षा नाचायच्या जागेच्या चार कोपऱ्यांवर चार मध्यम टॉप आतल्या बाजूला तोंड करून लावलेले मला जास्त आवडतात. फ्लोअरवर भरपूर मिळतं आणि बारवर लोकांना ऑर्डर द्यायला ओरडावं लागत नाही.

टॉप माणसांच्या डोक्याच्या वर आणि किंचित खाली झुकलेले हवेत. कानाच्या उंचीवर ठेवले तर पहिल्या दोन ओळींचे कान फाटतात आणि मागच्यांना ट्रेबल मिळतच नाही, कारण माणसांची शरीरं ती पिऊन टाकतात. टांगायचं असेल तर वजनाचं रेटिंग असलेलंच सामान आणि प्रत्येक बॉक्सला दुसरी स्वतंत्र सेफ्टी वायर. यात काटकसर नको.

सब डावी-उजवीकडे वेगवेगळे ठेवायचा मोह होतो, दिसायला छान दिसतं. पण दोन लांब सबचा बेस मधल्या पट्ट्यात एकदम जोरात येतो आणि बाजूला जिथे दोघांच्या अंतरात अर्ध्या लाटेचा फरक पडतो तिथे कापला जातो. ८० हर्ट्झला हा फरक साधारण २.१ मीटरचा, म्हणजे दोन पावलं सरकलं की बेस गायब. जमेल तितके सब एकाच ठिकाणी जमिनीवर एकमेकांना चिकटवून ठेवा, दोन सब शेजारी आले की एकट्यापेक्षा ६ डेसिबलपर्यंत जास्त मिळतात. भिंत आणि कोपराही बेस वाढवतो. डीजे डेव्हिड मॅन्कुसोच्या न्यूयॉर्कमधल्या 'द लॉफ्ट' या पार्ट्यांच्या जागेत क्लिप्शहॉर्न स्पीकर असायचे, त्यांची रचनाच अशी की खोलीचा कोपरा त्यांच्या हॉर्नचा शेवटचा भाग बनतो.

ओहमचं (बॉक्सच्या विजेला असलेल्या विरोधाचं) गणितही इथेच करून टाका. ८ ओहमचे दोन बॉक्स एका चॅनलवर पॅरलल जोडले की ४ ओहम, चार जोडले की २ ओहम. बऱ्याच ॲम्पना २ ओहमवर रात्रभर चालणं झेपत नाही, तापून प्रोटेक्टमध्ये जातात, म्हणजे स्वतःला वाचवायला आवाज बंद करतात, आणि ते नेमकं गर्दी भरल्यावर होतं.

५. बूथ

आता मुख्य गोष्ट. टेबलाची उंची जमिनीपासून ९० ते ९५ सेंटीमीटर ठेवा, वर प्लेअरची १२ सेंटीमीटर उंची धरली की हात साधारण कोपराच्या उंचीवर येतो. सीडीजे-३००० प्लेअर ३३ सेंटीमीटर रुंद आणि ४५ खोल आहे, मिक्सर मॉडेलप्रमाणे तेवढाच किंवा थोडा जास्त रुंद. चार प्लेअर आणि मिक्सर म्हणजे किमान १६५ सेंटीमीटर नुसत्या सामानाचे, लॅपटॉप आणि मधली फट धरून रुंदी दोन मीटर तरी हवी. टेबल पुढून मागपर्यंत ६५ ते ७० सेंटीमीटर, कारण मागे केबलच्या पिना बाहेर येतात आणि हे सुतार कधीच धरत नाही, मी दोन ठिकाणी तयार टेबल परत कापून घेतलंय. मागच्या बाजूने हात घालता येईल असा दरवाजा ठेवा, रात्री बारा वाजता केबल बदलायची वेळ आली की तो दरवाजा उपयोगी पडतो.

टेबल जड हवं आणि ते सबच्या वर किंवा सबला लागून कधीही नको. टर्नटेबल ठेवणार असाल तर हे जीवनमरणाचं आहे: सुई रेकॉर्डमधला थरथराट वाचते, टेबलाचाही वाचते, तो परत सबमधून बाहेर येतो, परत टेबल हलतं, आणि "हूं" असा फिडबॅक वाढत जातो. टेक्निक्सचा एसएल-१२०० हा १९७२ साली आला तो घरी ऐकायचा टर्नटेबल म्हणून, पण त्याचा वजनदार पाया आणि डायरेक्ट ड्राइव्ह मोटर यामुळे तो क्लबमध्ये टिकला. तरीही त्याच्याखाली जड दगडी फरशी आणि त्या फरशीखाली मऊ रबराचे पाय एवढं तरी द्या. टर्नटेबलची वायर मिक्सरच्या फोनो इनपुटलाच जाते आणि तिची बारीक अर्थची तार मिक्सरच्या अर्थच्या स्क्रूला, ती राहिली की हम येणारच.

मॉनिटर दोन घ्या, डावा-उजवा, डीजेच्या कानाच्या उंचीवर, एक ते दीड मीटरवर, तोंड डीजेकडे. यामागचं कारण नीट समजून घ्या. मुख्य टॉप बूथपासून ८ मीटर लांब असले तर त्यांचा आवाज डीजेला सुमारे २३ मिलिसेकंद उशिरा पोचतो. १२५ बीपीएमच्या (मिनिटाला १२५ बीटच्या) गाण्यात एक बीट ४८० मिलिसेकंदांची, त्यात २३ मिलिसेकंदांची चूक म्हणजे दोन गाण्यांच्या किक (बेस ड्रमचे ठोके) एकमेकांवर बसत नाहीत, घोड्याच्या टापांसारखं ऐकू येतं. हेडफोनमध्ये बरोबर जुळलेलं गाणं बाहेर चुकलेलं वाटतं आणि डीजे गोंधळतो. मॉनिटर जवळ आणि स्पष्ट असेल तर तो मॉनिटरवरच काम करतो, बाहेरच्या आवाजाशी भांडत नाही आणि मास्टरला हात लावत नाही. मॉनिटर मिक्सरच्या बूथ आऊटपुटवरून द्या म्हणजे त्याचा आवाज डीजेला स्वतंत्र कमीजास्त करता येतो. पैसे कमी पडत असतील तर लाईटमधून कापा, मॉनिटरमधून कापू नका.

प्लेअर एकमेकांशी जोडायला एक साधा नेटवर्क स्विच घ्या, फक्त प्लेअर आणि मिक्सरसाठी, त्यात ऑफिसचं इंटरनेट घालू नका. सगळ्या प्लेअरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) एकाच व्हर्जनचं ठेवा. येणाऱ्या डीजेला आधीच कळवा की पेनड्राइव्ह फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेला आणि रेकॉर्डबॉक्स या डीजेंच्या सॉफ्टवेअरमधून तयार केलेला आण, दुसऱ्या फॉरमॅटमुळे प्लेअर पेनड्राइव्ह ओळखत नाही अशा रात्री मी पाहिल्यात.

६. वायरिंग

बूथपासून ॲम्प रॅकपर्यंत फक्त एक्सएलआर (तीन पिनांची केबल), म्हणजे बॅलन्स्ड. आरसीए केबल (लाल-पांढऱ्या पिनांची, बॅलन्स्ड नसलेली) तीन-चार मीटरपलीकडे नेऊ नका. सिग्नलची केबल आणि विजेची केबल एका पाइपात घालू नका, एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा.

बॉक्सच्या वायरला जाडी महत्त्वाची. १ चौरस मिलिमीटरची २० मीटर वायर ४ ओहमच्या लोडवर जवळजवळ दीड डेसिबल खाते, ४ चौरस मिलिमीटरची घेतली की नुकसान अर्ध्या डेसिबलच्या आत. कनेक्टर स्पीकॉन, म्हणजे फिरवून लॉक होणारा. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना लेबल लावा, आणि प्रत्येक बॉक्सची प्लस-मायनस तपासा. एक सब उलटा जोडला गेला तर दोघं मिळून एकमेकांचा बेस मारतात आणि तुम्ही आठवडाभर खोलीला दोष देत बसाल.

७. चालू करायचा क्रम आणि गेन

चालू करताना आधी प्लेअर, मग मिक्सर, मग प्रोसेसर (टॉप-सबची वाटणी, डिले आणि लिमिटर सांभाळणारी पेटी), सगळ्यात शेवटी ॲम्प. बंद करताना आधी ॲम्प. उलटं केलं की "धप्प" असा झटका थेट ड्रायव्हरला बसतो. हा क्रम छापून रॅकवर चिकटवा.

गेन, म्हणजे प्रत्येक यंत्रावरची सिग्नलची पातळी, लावायची माझी पद्धत अशी. ॲम्प पूर्ण बंद. मिक्सरवर जोरदार रेकॉर्ड झालेलं गाणं लावा, चॅनलचा ट्रिम (त्या चॅनलची पातळी ठरवणारं बटण) असा ठेवा की मीटर शून्याच्या आसपास नाचेल, मास्टरही तसाच. मग प्रोसेसरचं इनपुट बघा, मिक्सर शून्यावर असताना तिथे पुरेशी जागा शिल्लक राहायला हवी. आता ॲम्प चालू करून हळूहळू उघडा, आणि फ्लोअरवर जेवढा जास्तीत जास्त आवाज हवा तेवढा आला की थांबा. म्हणजे मिक्सर शून्यावर असेल तेव्हा क्लब भरलेला वाटतो आणि डीजेला लालमध्ये जायची गरजच उरत नाही. कमी ताकदीचा ॲम्प सुरक्षित असतो हा समज चुकीचा आहे, तो लवकर क्लिप होतो, लाटेची टोकं सपाट होतात, सरासरी ताकद आणि वरच्या फ्रिक्वेन्सी वाढतात आणि ट्वीटर जळतो.

त्यानंतर लिमिटर, म्हणजे ठरवलेल्या हद्दीपलीकडे सिग्नल जाऊ न देणारं सेटिंग, हा लावल्याशिवाय दार उघडू नका. ५०० वॅटच्या ८ ओहम ड्रायव्हरसाठी ५०० गुणिले ८ म्हणजे ४०००, त्याचं वर्गमूळ सुमारे ६३ व्होल्ट, आरएमएस (सरासरी पातळीचा) लिमिटर त्याच्या थोडा खालीच लावा, पीक (क्षणिक टोकांचा) लिमिटर वेगळा. मग प्रोसेसरला पासवर्ड लावा आणि रॅकला कुलूप. पासवर्ड दोनच माणसांकडे असू द्या.

८. ट्यूनिंग

सब आणि टॉपची वाटणी (क्रॉसओव्हर) ८० ते १२० हर्ट्झच्या मध्ये, दर सप्तकाला २४ डेसिबलच्या उताराने करा. सब टॉपच्या २ मीटर मागे असतील तर त्यांचा आवाज ६ मिलिसेकंद उशिरा येतो, मग टॉपला तेवढा डिले (उशीर) द्या. कानाने जुळवायची जुनी पद्धत अजूनही चालते: वाटणीच्या फ्रिक्वेन्सीचा एकच सूर लावा, सबची पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटी करा, डिले फिरवत जा, जिथे आवाज सगळ्यात कमी होईल तिथे थांबा आणि पोलॅरिटी परत सरळ करा.

मग पिंक नॉइज (सगळे सूर असलेला खळखळाट) लावून पाच-सहा ठिकाणी मोजा आणि सरासरी बघा. एकाच जागी मोजून ईक्यू केलं (वेगवेगळ्या सुरांची पातळी कमीजास्त केली) तर ती एक जागा सुधारते आणि बाकीची खोली बिघडते. ईक्यूमध्ये कापा, खड्डे भरायला जाऊ नका, कारण खोलीने मारलेला बेस वाढवून परत येत नाही, फक्त ॲम्प दमतो. सिस्टीम मोनोमध्ये (सगळ्या बॉक्सना एकच सिग्नल देऊन) चालवा असं माझं ठाम मत आहे, स्टिरिओमध्ये डाव्या कोपऱ्यातल्या माणसाला अर्धं गाणं ऐकू येतं. मोठ्या मिक्सरच्या सेटिंगमध्ये मास्टर मोनो करता येतो. ट्रेबल रिकाम्या खोलीत थोडी जास्त वाटली तरी राहू द्या, माणसं भरल्यावर ती बसते.

९. कान

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी मानक दिलंय, १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलपेक्षा जास्त नको. कामगारांसाठीचा अमेरिकेच्या निऑश संस्थेचा हिशोब अजून कडक आहे, ८५ डेसिबलला ८ तास आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं. नाचायला आलेला माणूस दोन तासांनी घरी जातो, बारवाला आणि डीजे रोज तिथेच असतात, त्यांना इअरप्लग तुम्ही द्या आणि बूथमध्ये आवाज दाखवणारा मीटर लावा. मीटर समोर दिसला की डीजे आपणहून सांभाळतो.

१०. उघडण्याआधीची रात्र

लोकांशिवाय चार तास पूर्ण आवाजात चालवा. तासातासाला ॲम्पवर हात ठेवून बघा, पंख्यातून गरम हवा मोकळी बाहेर येतेय का, क्लिपचे दिवे लागतायत का, कुठला स्क्रू खडखडतोय का. मग एक डीजे बोलवा आणि त्याला काहीही न सांगता अर्धा तास वाजवू द्या, तुम्ही फक्त त्याचा हात बघा. हात परत परत मास्टरकडे गेला तर मॉनिटर पुन्हा बसवा. बूथच्या खालच्या खणात दोन एक्सएलआर, एक नेटवर्क केबल, एक पॉवर केबल, एक सुई आणि टॉर्च ठेवून द्या, आणि खणावर आत काय आहे ते लिहून ठेवा.